चरबी केंद्रकापर्यंत पोचते कशी?

पेशीच्या आत बहुतेक सगळं पाणी असतं आणि चरबीचं पाण्याशी जमत नाही. मिसळीवरची तर्री कितीही ढवळा, दोन मिनिटांत परत वर. पेशीतही चरबीची हीच अडचण, फक्त सगळं फार लहान मापात. तरीही शरीरातल्या पेशी दिवसभर चरबी आत घेतात, जाळतात, साठवतात, तिच्यापासून आपले पडदे तयार करतात. एवढ्यावर भागत नाही. चरबीतले काही रेणू पेशीच्या केंद्रकात, म्हणजे जिथे डीएनए असतो तिथे जातात आणि कुठली जनुकं चालू व्हावीत यात चक्क लुडबुड करतात. पाण्यात न विरघळणारा रेणू पाण्यातून वाट काढत तिथवर जातो तरी कसा? उत्तरात एक छोटं प्रथिन आहे. त्या प्रथिनाची एक खोड मला फार आवडते: ते केंद्रकात किती मुक्काम करणार, हे त्याच्या पोटात कोण बसलंय यावर ठरतं.

आधी मेदाम्ल, म्हणजे फॅटी ॲसिड. आपण ज्याला तेल, तूप, लोणी म्हणतो ते मुख्यतः ट्रायग्लिसराइड असतं. ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्लं जोडलेली. पचनात आणि पुढे पेशीतही ही जोडणी तुटते आणि मेदाम्लं सुटी होतात. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची लांब साखळी आणि एका टोकाला आम्लाचा गट. आपल्या खाण्यातल्या बहुतेक मेदाम्लांत १६ किंवा १८ कार्बन असतात. आम्लाच्या टोकाला पाणी चालतं, लांब शेपटाला अजिबात चालत नाही. हाच रेणू सोडियमशी जोडला की त्याचा साबण होतो. ही उपमा नव्हे, घरोघरच्या साबणाचं रसायन खरोखर तेच आहे. त्यामुळे सुटी मेदाम्लं पेशीत नको तेवढी साठली, तर साबण ताटावरच्या तेलाचं जे करतो ते पेशीच्या पडद्यांचं व्हायला वेळ लागणार नाही.

रक्तात मेदाम्लांना वाहून नेण्याचं काम अल्ब्युमिन करतं. पण अल्ब्युमिन पेशीच्या दारापर्यंत. आत कोण? १९७२ साली रॉबर्ट ऑकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. आतड्याचं अस्तर, यकृत, हृदयाचा स्नायू अशा अनेक ऊतींच्या पेशीद्रवात त्यांना मेदाम्लांना धरून ठेवणारं एक लहानसं प्रथिन सापडलं होतं. पुढे कळलं की हे एक प्रथिन नाही, चांगलं मोठं घराणं आहे. त्याला मेदाम्ल-बंधक प्रथिनं म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून झालेलं एफएबीपी हे नाव लिहायला सोपं, म्हणून यापुढे तेच वापरतो. माणसात यांची दहा जनुकं आहेत. क्रमांक १ ते ९ आणि मग एकदम १२. मधली दोन माणसात नाहीत, इतर प्राण्यांत आहेत. एफएबीपी-१ यकृतात भरपूर, २ आतड्यात, ३ हृदयात, ४ चरबीच्या पेशींत, ५ त्वचेत आणि इतरही बऱ्याच ठिकाणी, ७ मेंदूत. ही वाटणी काटेकोर नाही. एकाच पेशीत दोन-तीन भावंडं सुखाने नांदतात.

प्रमाणही थोडंथोडकं नाही. यकृताच्या पेशीद्रवातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण २ ते ५ टक्के एकट्या एफएबीपी-१चं असतं. पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं असतात हे लक्षात घेतलं, तर हा वाटा दांडगा आहे. (जाता जाता: हृदयविकाराच्या झटक्यात स्नायूपेशी फुटल्या की एफएबीपी-३ लहान असल्यामुळे लवकर रक्तात उतरतं. त्यावर आधारलेली रक्ततपासणी आहे, पण आपल्याकडे इमर्जन्सीत ट्रोपोनिन या हृदयस्नायूतल्या दुसऱ्या प्रथिनाची तपासणीच चालते.)

आता हे प्रथिन जरा जवळून बघू. एफएबीपीत सुमारे १३० अमिनो आम्लं असतात आणि वजन १५ किलोडाल्टनच्या (रेणूंचं वजन मोजायचं एकक) आसपास. हिमोग्लोबिनच्या पाव हिश्शाहूनही कमी. या १३० मण्यांच्या माळेच्या दहा पट्ट्या होतात आणि त्या एकमेकींशेजारी येऊन एक पोकळ पिंप तयार होतं. पिंपाच्या तोंडावर दोन छोट्या मळसूत्री तुकड्यांचं झाकण. आतल्या पोकळीत मेदाम्ल बसतं. एफएबीपी-१च्या पोकळीत दोन मावतात, बाकीच्यांच्या पोकळीत सहसा एकच. एफएबीपी-४मध्ये मेदाम्लाचं आम्लाचं टोक आत खोल जातं, तिथल्या आर्जिनिन आणि टायरोसिन या अमिनो आम्लांना धरून बसतं, आणि शेपूट वर तोंडाकडे येतं. ही बसण्याची रीत लक्षात ठेवा. मेदाम्लांची डोकी सगळी सारखीच, फरक असतो तो शेपटांत. आणि शेपूट येतं नेमकं झाकणापाशी.

मेदाम्ल केंद्रकात कशाला हवं, हा प्रश्न साहजिक आहे. जळणासाठी म्हणावं तर भट्टी दुसरीकडे, मायटोकॉन्ड्रियात आहे. केंद्रकात मेदाम्ल जातं ते वर्दी द्यायला. निर्जळी एकादशीच्या संध्याकाळी यकृताचा विचार करा. साखरेचा साठा उतरत चाललाय आणि चरबीच्या पेशींनी सोडलेली मेदाम्लं रक्तातून येतायत. यकृताला आता चरबी जाळणारी आणि तिच्यापासून कीटोन बनवणारी एंझाइमं जास्त लागणार, म्हणजे त्यांची जनुकं जास्त चालायला हवीत. हा बदल घडवून आणण्यात पीपीएआर-अल्फा नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो. ज्या उंदरांत हे प्रथिन नसतं त्यांना उपास झेपत नाही. त्यांची रक्तशर्करा फार खाली जाते आणि यकृतात चरबी साचते.

पीपीएआर हे केंद्रकातले रिसेप्टर, म्हणजे ठराविक रेणू येऊन बसला की कामाला लागणारी प्रथिनं. पहिला सापडला १९९० मध्ये, आणि त्याचं लांबलचक मूळ नाव उंदीरवर्गातल्या प्राण्यांच्या यकृतात तो जे करतो त्यावरून पडलं. माणसाच्या संदर्भात ते नाव दिशाभूल करतं, तेव्हा ते सोडून देऊ. तीन भाऊ आहेत: अल्फा, गॅमा आणि बीटा (यालाच डेल्टाही म्हणतात). अल्फाचं मुख्य ठाणं यकृत, गॅमाचं चरबीची पेशी, आणि बीटा जवळपास सगळीकडे. पीपीएआर एकटा काम करत नाही. आरएक्सआर नावाच्या जोडीदाराबरोबर तो डीएनएच्या ठराविक जागी बसतो. पोकळीत योग्य रेणू येऊन बसला की त्याच्या शेवटचा एक मळसूत्री तुकडा आवळला जातो, जनुक दाबून धरणारी प्रथिनं सुटतात, चालना देणारी प्रथिनं येऊन चिकटतात आणि जनुकाचं वाचन वाढतं. हा ‘योग्य रेणू’ बऱ्याचदा मेदाम्ल असतं, किंवा मेदाम्लापासून बनलेलं काहीतरी.

तर एका बाजूला पेशीद्रवात मेदाम्ल धरून बसलेलं एफएबीपी, दुसऱ्या बाजूला केंद्रकात रेणूची वाट बघणारा पीपीएआर. मध्ये केंद्रकाचा दुहेरी पडदा आणि त्यातली छिद्रं.

इथे एक शंका यायला हवी. केंद्रकाच्या छिद्रांतून साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा लहान प्रथिनं कुणाच्याही मदतीशिवाय आरपार जातात. एफएबीपी १५ किलोडाल्टनचं. त्याला अडवणार कोण? मग केंद्रकात नेऊन सोडण्याची वेगळी यंत्रणा असण्याचं कारणच काय? कारण असं की मोकळी ये-जा फक्त दोन्ही बाजू समान करते. जेवढं बाहेर तेवढंच आत. एखादं प्रथिन बाहेरच्यापेक्षा आत जास्त जमायला हवं असेल, तर आत नेणाऱ्या किंवा बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेने पारडं एका बाजूला झुकवावं लागतं. आणि तसं ते झुकतं, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं आहे. २००१ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर येथे फ्रीडरिश श्पेनर यांच्या गटाने यकृताच्या एफएबीपी-१चा पीपीएआर-अल्फा आणि गॅमाशी असा संबंध दाखवला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या नोआ नॉय यांच्या गटाने दाखवलं की गॅमाला चालना देणारा रेणू पेशीत सोडला की एफएबीपी-४ मोठ्या प्रमाणावर केंद्रकात जमतं, आणि बीटाला चालना देणारा सोडला की एफएबीपी-५. ज्याचा माल, त्याचाच वाहक हलतो.

बरं, केंद्रकात नेल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या माळेत सहसा एक खूण असते. लायसिन, आर्जिनिन अशी धन भार असलेली अमिनो आम्लं सलग ओळीने येतात. इम्पॉर्टिन नावाची प्रथिनं ती खूण ओळखतात आणि मालकाला छिद्रातून आत घेऊन जातात. एफएबीपी-४ची माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली, तरी अशी सलग खूण कुठेच नाही. बराच काळ हे कोडंच होतं.

कोडं सुटलं ते त्रिमितीत बघितल्यावर. माळेत २१व्या जागी एक लायसिन आहे, ३०व्या जागी आर्जिनिन आणि ३१व्या जागी पुन्हा लायसिन. माळेवर पहिलं उरलेल्या दोघांपासून लांब. पण माळ दुमडून झाकण तयार होतं तेव्हा तिन्ही झाकणावर शेजारी येतात आणि खूण पूर्ण होते. म्हणजे खूण माळेत लिहिलेलीच नाही, ती घडीत आहे. आणि घडी जराशी हलली तर खूण दिसेनाशी होते.

२००७ मध्ये नॉय यांच्याच गटाने एफएबीपी-४चे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याच्या रचना तपासल्या: रिकामं असताना, केंद्रकात नेणारे रेणू पोटात असताना, आणि पोटात बसणारे पण केंद्रकात न नेणारे रेणू असताना. गंमत अशी की दोन्ही गटांतले रेणू पोकळीत जवळपास सारख्याच घट्टपणे बसतात. पकडीच्या जोरात फरक नाही, फरक आहे झाकणाच्या ठेवणीत. केंद्रकात नेणारा रेणू बसला की तोंडापाशी असलेल्या एका फेनिलॲलॅनिनची बाजूची शाखा मिटते, पोकळी थोडी आकसते आणि झाकणाचा मळसूत्री भाग किंचित सरकतो. एफएबीपी-४चे दोन रेणू एकमेकांना चिकटून जोडीने राहू शकतात आणि त्या जोडीत खूण झाकली जाते. झाकण सरकलं की जोडीची ठेवण बदलते आणि खूण उघड्यावर येते. सगळी हालचाल अणूंच्या मापाची, पण इम्पॉर्टिनला तेवढं पुरतं.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तो सुंदर आहे. मेदाम्ल आत शिरतं आणि मग झाकण हलतं, असा क्रम आपण सहज धरून चालतो. पण रिकाम्या प्रथिनाचं झाकणही स्थिर नसतं. ते कायम थरथरत असतं आणि त्या थरथरीत अधूनमधून ‘खूण उघडी’ ही ठेवणही येऊन जाते. योग्य मेदाम्ल ती ठेवण नव्याने घडवत नाही. आधीपासून येत-जात असलेल्या अनेक ठेवणींपैकी एकीला धरून ठेवतं, एवढंच. प्रथिनांच्या जगात हे बऱ्याच ठिकाणी दिसतं, पण इतक्या लहान आणि साध्या रचनेत ते इतकं स्वच्छ दिसणं विरळा.

त्याच वर्षी त्याच गटाने दुसरी गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते तिच्यामुळे सगळं चित्र बदलतं. एफएबीपी-४ पेशीद्रवात बसून राहून मेदाम्ल मिळाल्यावर केंद्रकाकडे निघतं, असं नाही. त्याच्या फेऱ्या कायम चालूच असतात, आत-बाहेर, आत-बाहेर. बाहेर जाण्यासाठीही त्याच्यावर वेगळी खूण आहे. तीही माळेत विखुरलेल्या ल्युसिनांची, घडी पडल्यावर एकत्र येणारी. योग्य रेणू पोटात बसला की बाहेर पडणं मंदावतं. म्हणून प्रथिन आत साचतं. सूक्ष्मदर्शकाखाली ‘प्रथिन केंद्रकात गेलं’ असं जे दिसतं, त्यात ‘प्रथिन केंद्रकातून निघायचं राहिलं’ याचा मोठा वाटा आहे. वाहतूक, डिलिव्हरी, पोचवणं हे शब्द मीही इथे सर्रास वापरतोय, पण ते एकाच दिशेचे आहेत आणि म्हणून थोडे फसवे आहेत.

मुंबईचा डबेवाला इथे हमखास आठवतो, आणि बरोबर इथेच त्याचा उपयोग होत नाही. डब्यावरची खूण बाहेरून रंगवलेली असते. आत भेंडी आहे की भरली वांगी, याने डबा चर्चगेटला जायचा की अंधेरीला हे ठरत नाही. एफएबीपीत पत्ता आतल्या भाजीवरच अवलंबून असतो.

केंद्रकात पोचल्यावर मेदाम्ल रिसेप्टरच्या ताब्यात कसं जातं? दोन शक्यता. एक, एफएबीपी ते पाण्यात सोडून देतं आणि रिसेप्टर ते उचलतो. दोन, एफएबीपी रिसेप्टरला प्रत्यक्ष भिडतं आणि हातोहात देतं. यांतलं काय घडतं हे ओळखायची युक्ती साधी आहे. पाण्यात सोडून देणं असेल, तर वेग ठरणार वाहकाची पकड किती लवकर सैल होते यावर. रिसेप्टर दुप्पट केले तरी वेग तोच. हातोहात देणं असेल, तर रिसेप्टर जितके जास्त तितक्या धडका जास्त आणि वेगही जास्त. एफएबीपीच्या चुलत घराण्यात, अ-जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनोइक आम्ल वाहणाऱ्या प्रथिनांत, याचा छान निवाडा झाला. क्रॅबीपी-१ आणि क्रॅबीपी-२ ही दोन भावंडं दिसायला जवळपास सारखी. पहिल्याकडून रेटिनोइक आम्ल रिसेप्टरकडे जाण्याचा वेग रिसेप्टरच्या संख्येवर अवलंबून नव्हता. दुसऱ्याकडून जाण्याचा वेग मात्र संख्येबरोबर वाढत गेला. म्हणजे पहिलं सोडून देतं, दुसरं हातोहात देतं. एफएबीपी-४ आणि गॅमा, एफएबीपी-५ आणि बीटा या जोड्यांतही असाच प्रत्यक्ष संपर्क आढळला. जोडी चुकीची असली तर फायदा दिसत नाही.

आता शेपटाकडे परत. एफएबीपी-५ तऱ्हेतऱ्हेची लांब मेदाम्लं पोटात घेतं. त्यांतलं लिनोलेइक आम्ल, म्हणजे १८ कार्बनचं, दोन ठिकाणी दुहेरी बंध असलेलं आणि त्यामुळे वाकडं, पोटात असलं की झाकणावरची खूण जुळून येते आणि प्रथिन केंद्रकात जमतं. पामिटिक आम्ल, १६ कार्बनचं, कुठेही दुहेरी बंध नसलेलं, तेही तितक्याच आनंदाने आत बसतं. पण प्रथिन केंद्रकाकडे झुकत नाही, आणि पीपीएआर-बीटाला चालना मिळत नाही. २०१४ मध्ये एरिक ऑर्टलंड आणि नॉय यांच्या गटांनी रचना उलगडून याचा खुलासा केला. जागा अडवून बसणारं पण कामाला न लावणारं मेदाम्ल म्हणजे नुसता निरुपयोगी प्रवासी नव्हे. पोकळी एकच असल्यामुळे ते दुसऱ्याची वाटही अडवतं. थोडक्यात, केंद्रकाला मिळणारी वर्दी ‘पेशीत चरबी किती आहे’ एवढीच नसते, ‘कोणत्या जातीची आहे’ हेही त्यात येतं.

इथे करडईच्या तेलाची आठवण होणं स्वाभाविक आहे. सोलापूर-मराठवाड्याकडच्या पारंपरिक करडईच्या तेलात जवळपास तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, तर पामतेलात पामिटिक आम्ल चाळीस टक्क्यांच्या वर. मग करडई खाल्ली की एफएबीपी-५ केंद्रकात आणि पाम खाल्लं की बाहेर? नाही हो. खाल्लेलं तेल आतड्यात तुटतं, पुन्हा जोडलं जातं, यकृतात फेरफार होतात, पेशी स्वतःही मेदाम्लं बनवतात, लांबवतात, त्यांत दुहेरी बंध घालतात. काचपात्रातल्या पेशीवर एकच शुद्ध मेदाम्ल ओतून मिळालेलं उत्तर फोडणीच्या पळीला चिकटवता येत नाही. कौटुंबिक ग्रुपवर उद्या कुणी ‘केंद्रकाला पोषक तेल’ असा संदेश पाठवला, तर तो तिथेच थांबवलेला बरा.

नॉय यांच्या गटाचं सगळ्यात गाजलेलं काम मात्र रेटिनोइक आम्लाचं. २००७ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात त्यांनी मांडलं की हे आम्ल काही पेशींची वाढ रोखतं आणि काहींची वाढवतं, याचं कारण वाहकांचं प्रमाण. क्रॅबीपी-२ जास्त असेल तर आम्ल आरएआर या त्याच्या नेहमीच्या रिसेप्टरकडे जातं आणि वाढ थांबते. एफएबीपी-५ जास्त असेल तर तेच आम्ल पीपीएआर-बीटाकडे वळतं आणि पेशी तग धरतात. कल्पना मोहात पाडणारी आहे: रेणू एकच, परिणाम उलटे, फैसला वाहकाच्या हातात. पण रेटिनोइक आम्ल पीपीएआर-बीटाला मुळात चालना देतं का, यावरच इतर प्रयोगशाळांचं दुमत पडलं. २००८ मध्ये ‘देत नाही’ असं सांगणारे निष्कर्ष छापून आले. हे प्रकरण मिटलं असं मी म्हणणार नाही. पाठ्यपुस्तकी आकृतीत बाण ठळक काढलेला दिसला, तरी तिथे पेन्सिलीनेच काढावा.

एफएबीपी-४बद्दलही सगळं गुण्यागोविंदाने चाललेलं नाही. १९९६ मध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि सहकाऱ्यांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. वाहक नाही म्हणजे गॅमा उपाशी, आणि गॅमाशिवाय चरबीच्या पेशी नीट बनतच नाहीत. मग हे उंदीर हडकुळे व्हायला हवेत ना? झाले नाहीत. स्निग्ध आहारावर ते लठ्ठच झाले. फक्त लठ्ठपणाबरोबर एरवी येणारा, पेशींनी इन्सुलिनला दाद न देण्याचा दोष त्यांच्यात आला नाही. एक कारण असं की त्यांच्या चरबीच्या पेशींत एफएबीपी-५ भरमसाट वाढलं होतं. एक भाऊ गेला, दुसऱ्याने घर चालवलं. २०१४ मध्ये तर एका गटाने उलटच दाखवलं: एफएबीपी-४ गॅमाची मोडतोड वाढवतं, म्हणजे त्याला आवर घालतं. यातला योग असा की एफएबीपी-४चं जनुक स्वतः गॅमाच्या हुकमाने चालतं. १९९४ मध्ये चरबीच्या पेशीतला गॅमा हाती लागला, तो याच जनुकाला चालू करणारं प्रथिन शोधताना. गॅमा एफएबीपी-४ वाढवतो, एफएबीपी-४ एकीकडे गॅमाला रेणू आणून देतं आणि दुसरीकडे त्याला आवरतं. अशा वर्तुळात ‘मदत करतं की अडवतं’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळणार नाही. पेशी कोणती, वेळ कोणती, पोटात कोण, हे विचारावं लागतं.

आणि एक प्रयोग, जिवंत प्राण्यातला. सी. एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा गोलकृमी. आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. ह्यूस्टनमधल्या मेंग वांग यांच्या गटाने २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं की त्याच्या आतड्याच्या पेशींत लायसोसोममधलं चरबी तोडणारं एक एंझाइम वाढवलं की कृमी जास्त जगतो. दुवा कोण? एलबीपी-८ नावाचं प्रथिन, आपल्या एफएबीपीचं कृमीतलं भावंड. ते लायसोसोममधून ओलिओइलइथॅनोलअमाइड हा मेदाम्लापासून बनलेला रेणू उचलतं, केंद्रकात जातं आणि तिथले दोन रिसेप्टर चेतवतं. त्यातून आयुष्य लांबतं. मला यात आयुष्य लांबण्यापेक्षा वाट जास्त महत्त्वाची वाटते. लायसोसोमकडे आपण पेशीची कचरापट्टी म्हणून बघत आलो, आणि तिथूनही केंद्रकाला वर्दी जाते, वाहणारं घराणं तेच. माणसाचं आणि कृमीचं घर वेगळं होऊन कोट्यवधी वर्षं झाली, तरी.

औषधांच्या बाजूने हे सगळं आपल्या ओळखीचं आहे, फक्त या नावाने नाही. मधुमेहाच्या कित्येक रुग्णांच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन असतं. ते पीपीएआर-गॅमावर काम करतं. २०१३च्या जूनमध्ये केंद्र सरकारने त्याची विक्री थांबवली आणि जुलैअखेर इशाऱ्यासह पुन्हा सुरू केली, हे डॉक्टरांना अजून आठवत असेल. ट्रायग्लिसराइड कमी करणारं फेनोफायब्रेट पीपीएआर-अल्फावर काम करतं. अल्फा आणि गॅमा दोन्हींवर काम करणारं सॅरोग्लिटझार अहमदाबादच्या झायडसने बनवलं आणि भारतात त्याला २०१३ मध्येच मान्यता मिळाली. ही औषधं रिसेप्टरला गाठतात. पण त्यांच्यातले काही रेणू तिथवर जाताना एफएबीपीत बसूनच जातात. पायोग्लिटाझोनच्याच कुळातलं ट्रोग्लिटाझोन, जे यकृताला इजा होते म्हणून २००० साली अमेरिकेतून मागे घेतलं गेलं, ते एफएबीपी-४च्या पोटात बसतं आणि त्याला केंद्रकाकडे झुकवतं.

म्हणून एफएबीपी-४ला अडवणारं औषध शोधणाऱ्यांपुढे एक जास्तीचं काम आहे. उंदरांवरचे असे प्रयोग झालेले आहेत. २००७ मध्ये बीएमएस-३०९४०३ या रेणूने उंदरांतला मधुमेह आणि धमन्यांचा आजार दोन्ही कमी झाल्याचं दिसलं. अशा रेणूचं काम पोकळी अडवायचं. पण पोकळीत घट्ट बसतो एवढं पाहून तो निवडता येत नाही. मेदाम्लाची जागा घेणारा प्रत्येक रेणू झाकणाची काहीतरी ठेवण पसंत करणारच, आणि ती नेमकी खूण उघडी ठेवणारी निघाली, तर अडवायला दिलेलं औषधच वाहकाला केंद्रकात नेऊन बसवेल. तेव्हा नवा रेणू हाती आला की तो किती घट्ट बसतो हे मोजून झाल्यावर, २१, ३० आणि ३१ या तीन जागा तो उघड्या ठेवतो की झाकतो, तेही बघावं लागतं.